मंगळुरूच्या बाई शिवूला बघायला येतात

पूजारी मॅडम दुपारच्या गाडीनं येणार म्हणून दाक्षायणीनं सकाळीच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. तिचा दीर अनिलकुमार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"वैनी, शिरा ठीक आहे. पण पोहे करू नका. स्थळ आलंय असं वाटेल."

"मग काय आलंय?" दाक्षायणी कढईवरची नजर न काढता म्हणाली. "परक्या गावची बाई आपल्या पोरीला बघायला येणार. बसणार, खाणार, आणि मागनं पसंत की नापसंत ते कळवणार. याला दुसरं काय म्हणतात ते तुम्हीच सांगा मला."

ते त्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. अक्कलकोट रोडवरच्या त्या वाळूच्या डेपोमागच्या घरात मुलीला बघायला लोक आले होते ते फक्त लग्नासाठी. कॉलेजची कोच मुलीचा खेळ बघायला गाडी सोडून सोलापुरात उतरते, ही गोष्ट त्यांच्या सात पिढ्यांत घडली नव्हती. तेव्हा जी रीत माहीत होती तीच त्यांनी धरली. बैठकीतल्या गाद्यांना नव्या खोळी चढल्या, शेंगाची चटणी ताजी कुटली, कडक भाकरीचा डबा खाली काढून ठेवला.

शिवलीलानं वर्षभर कुठंकुठं म्हणून लिहिलं नव्हतं! चेन्नई, गोवा, कोची, जिथं कॉलेजला समुद्र आणि मुलींची बीच व्हॉलीबॉलची टीम होती, तिथल्या प्रत्येक कोचला तिनं मेल केली. काकानं वजनकाट्याच्या खोलीवर चढून मोबाईलवर तिच्या नि तिच्या जोडीदाराच्या मॅचेस काढल्या, त्या पाठवल्या. आधी तिनं नुसते स्मॅश कापून पाठवले, मग कुणीतरी सांगितलं म्हणून आख्खे सेट पाठवले. उत्तर एकच आलं, मंगळुरूहून. 'पुण्याला स्पर्धा बघायला येतेय. परत जाताना सोलापूरला उतरेन. तुम्ही दोघी रोज जिथं खेळता तिथंच खेळताना बघायचंय.'

आदल्या रात्री जेवताना सोमशेखरनं मुलीला सांगून टाकलं होतं, "शिवू, ह्या बाई बघून जाऊ देत. त्यांना पटलं तर पुढचं बोलू. नाही पटलं तर हा विषय बंद. जूनमध्ये इथंच बी.कॉम.ला नाव घालायचं. मंजूर?"

"मंजूर, अप्पा," शिवलीला म्हणाली होती आणि पानातली भाकरी तशीच ठेवून उठली होती.

नागम्मांनी तेव्हा मुलाचीच बाजू घेतली. "बरोबर बोलला सोमू. किती दिवस त्या मोबाईलकडं बघत बसायचं पोरीनं? आणि मंगळूर काय शेजारी हाय का?"

म्हणजे घरात दोन बाजू पडल्या होत्या. शिवू आणि काका एकीकडं, आजी आणि अप्पा दुसरीकडं. दाक्षायणी मधे. तिला मुलगी जायला नको होती आणि नापसंतही व्हायला नको होती.

---

नेटचे दोन खांब डेपोच्या मागच्या अंगाला होते. ती जागा कशी झाली ते नागम्मांना काल घडल्यासारखं आठवत होतं. नदीची वाळू मिळेनाशी झाली, दगडाचा चुरा वाळू म्हणून विकायचे दिवस आले, तेव्हा त्यांचे यजमान संगप्पा यांच्या हातची चाळलेली बारीक वाळू एका कोपऱ्यात उरली होती. गिलाव्याची वाळू. चाळणीतून दोनदा काढलेली, त्यात खडा म्हणून सापडायचा नाही. संगप्पा ती कुणाला विकेनात. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "ती नाही. ती नमुन्याची हाय." मग एका उन्हाळ्यात अनिलकुमारनं तो ढीग पसरला, निलगिरीचे खांब रोवले, नेट बांधलं. म्हातारे भडकले. आठ दिवस धाकट्या पोराशी बोलले नाहीत. पण संध्याकाळी खाटलं ओढून तिथंच बसायला लागले, आणि नात बॉल मारताना पडली की वाळूकडं बघून म्हणायचे, "लागलं न्हाय तिला. माझी वाळू हाय ती."

संगप्पा गेले. त्यांच्या जागी आता नागम्मा खुर्ची टाकून बसत. डोळ्यांनी त्यांना फार दिसत नसे. बॉल तर मुळीच दिसत नसे. त्यांना खेळ ऐकू येई. शिवू आणि तिची जोडीदार उत्कर्षा, दोघींचं तोंड क्षणभर बंद नसे. आणि बोलायच्या कन्नडमध्ये. 'नंदु' म्हणजे माझा. 'निंदु' म्हणजे तुझा. 'बिडु', सोडून दे. 'हिंद', मागं. 'मुंद', पुढं. उत्कर्षा जुळे सोलापुरातल्या एका मराठी शिक्षकाची मुलगी. तिला कन्नडचे तेवढेच शब्द येत. स्पर्धेत समोरच्या नाशिक-पुण्याच्या मुलींना कळू नये म्हणून शिवूनं तिला शिकवलेले.

आज मात्र दाक्षायणीनं दोघींना समोर बसवलं होतं. शिवूची वेणी घालता घालता ती सांगत होती.

"पाहुण्या येतील. खाली बघून नमस्कार करायचा. आणि खेळताना ते ओरडणं नको."

"आई!"

"आई काय? घसा फाडून ओरडता दोघी. रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. आणि कन्नड तर अजिबात नको. मंगळूरची बाई ती. त्यांची कन्नड पुस्तकातली. आपली ऐकली तर म्हणतील, ही पोर कुठल्या रानातनं धरून आणली."

"काकू, पण या खेळात बोलावंच लागतं," उत्कर्षा म्हणाली. "आम्ही दोघीच असतो. बाहेरनं कुणी सांगायचं नसतं."

"मग बोला की. कोण नको म्हणतंय? हळू बोला. मराठीत बोला."

शिवूनं आजीकडं पाहिलं. "अज्जी, तू तरी सांग."

पण नागम्मांनी मान हलवली. "तुझी आई खरं बोलती. मला बघायला आले होते अक्कलकोटात, तेव्हा तुझ्या पणजोबांनी लई विचारलं. मी एका शब्दानं उत्तर दिलं. नाव विचारलं, नागम्मा म्हटलं. मग गप. तेवढ्यावरच पसंत पडले मी. पाहुण्यासमोर झाकलेलं तोंड बरं."

"अज्जी, तुला लग्नाला बघत होते. मला खेळायला बघतायत."

"बघणं ते बघणंच की गं."

शिवू केसांना पिन लावायला लागली. एकच दिवस होता. तिला घरातल्या कुणाशी भांडून तो नासवायचा नव्हता.

---

पूजारी मॅडम उन्हानं रापलेल्या, आखूड केसांच्या, पन्नाशीच्या बाई होत्या. अनिलकुमार त्यांना स्टेशनवरून घेऊन आला. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी चपला काढल्या आणि बैठकीत न जाता सरळ वाळूवर गेल्या. दाक्षायणी हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारातच राहिली. बाईंनी टाच वाळूत रोवून बघितली, खाली बसून मूठभर घेतली, बोटांतून सोडली.

"ये रेत किसने छानी?" त्यांनी विचारलं.

"हमारे पिताजीने," सोमशेखर म्हणाला. "गिलावे के लिए."

"अच्छी है," एवढंच म्हणून त्या उठल्या. सोमशेखरला उगाच बरं वाटलं. तीस वर्षं वाळूच्या धंद्यात होता तो. पाहुणा आधी घराकडं न बघता वाळूकडं बघतो, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

मग मॅडम नागम्मांजवळ आल्या, वाकून कन्नडमध्ये म्हणाल्या, "हेगिद्दीरा, अज्जी?"

कशा आहात, एवढंच. उत्तर जिभेवर होतं. पण सकाळचं ठरलेलं आठवून नागम्मांनी पाठ ताठ केली. "ठीक है," त्या म्हणाल्या. "आपका कैसा है? बैठो, बैठो."

मॅडमनी जरा चमकून त्यांच्याकडं पाहिलं आणि बसल्या. शिरा थोडाच खाल्ला. शेंगाची चटणी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतली.

समोर खेळायला बार्शीहून दोघी जणी आल्या होत्या, मागच्या वर्षी जिल्ह्यात पहिल्या आलेल्या. ऊन उतरलं तसा खेळ सुरू झाला.

शिवलीलाला पहिल्याच बॉलला कळलं की काहीतरी हरवलंय. सर्व्हिस दोघींच्या मधे आली. रोज तिच्या तोंडून आपोआप शब्द निघे आणि उत्कर्षाचे पाय त्या शब्दावर वळत. आज तिनं ओठ मिटले होते. उत्कर्षा तिच्याकडं बघत राहिली, ती उत्कर्षाकडं, आणि बॉल दोघींच्या मधे वाळूत बसला. पुढच्या बॉलला दोघी धावल्या, खांद्याला खांदा आपटला. "सॉरी," उत्कर्षा हळूच म्हणाली, मराठी शाळेतल्या मुलीसारखी. तिसरा मागं उंच गेला. 'हिंद' शिवूच्या घशापर्यंत आलं. तिनं ते गिळलं. मराठीत काय म्हणायचं ते सुचेपर्यंत बॉल पडलाही होता.

हात तेच होते, उडी तीच होती. एक-दोन स्मॅश तर असे बसले की बार्शीच्या मुली नुसत्या बघत राहिल्या. पण दोन स्मॅशच्या मधे त्या दोघी अनोळखी गावात चुकलेल्या माणसांसारख्या होत्या. तिनं बाजूला पाहिलं. पूजारी मॅडमनी मोबाईल काढला होता. गाडीची वेळ बघत असाव्यात.

झालं, शिवूच्या मनात आलं. बी.कॉम.

दाक्षायणीला मात्र सगळं छान चाललंय असं वाटत होतं. मुलगी किती शांत दिसत होती! आरडाओरडा नाही, मांडीवर थाप मारणं नाही. ती अनिलकुमारजवळ सरकून म्हणाली, "बघा, कशी शोभून दिसते. मी म्हटलं नव्हतं?"

"वैनी," अनिलकुमार दात आवळून म्हणाला, "हरायलेत त्या."

"हरू देत की. बाई स्वभाव बघत असतील."

"स्वभाव बघायला त्या मंगळूरहून येतील व्हय? तुम्ही पण ना!"

"हळू बोला. पाहुण्या ऐकतील."

---

नागम्मा खुर्चीत बसून वाट बघत होत्या. कानांवर बॉलचा धप्प आवाज येत होता, वाळूत पाय ओढल्याचा येत होता. बार्शीच्या मुलींचं 'घे, घे, वर दे' ऐकू येत होतं. बराच वेळ झाला तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली.

"दाक्षा, अजून खेळ सुरू झाला न्हाय का गं?"

"झालाय की अव्वा. लई वेळ झाला."

"मग आपल्या पोरी कुटं हाईत?"

"समोरच आहेत. खेळायलेत."

नागम्मांनी डोळे बारीक केले. समोर दोन पांढुरक्या सावल्या हलत होत्या. कुणाच्याही असतील अशा. रोज संध्याकाळी ह्याच खुर्चीत बसून त्या नातीचं सगळं ऐकत. दमली की कळे, चिडली की कळे, उत्कर्षावर खूश झाली की कळे. आणि आज नात समोर असून त्यांना सापडेना. अक्कलकोटच्या त्या बैठकीत मान खाली घालून बसलेल्या मुलीची गोष्ट त्यांनी आयुष्यभर किती कौतुकानं सांगितली होती. ती मुलगी तेव्हा कुणाला दिसली होती का? पसंत पडली होती, हे खरं. पण पुढं कितीतरी वर्षं तिला धड कुणी ओळखत नव्हतं, संगप्पासुद्धा नाही. बोलायला लागली तेव्हा कुठं ओळख झाली.

बॉल पुन्हा धप्प करून पडला. कुणीच काही म्हणालं नाही.

आणि मग नागम्मा खुर्चीचा हात धरून उठल्या आणि सगळ्या डेपोला ऐकू जाईल अशा आवाजात, अस्सल गावठी कन्नडमध्ये ओरडल्या, "बायाग येन इट्कोंडीरी? ओदर्री!"

तोंडात काय धरून बसलाय, ओरडा!

दाक्षायणीनं कपाळाला हात लावला. बार्शीच्या मुली थांबल्या. आणि पूजारी मॅडम, ज्या आल्यापासून एकदाही हसल्या नव्हत्या, त्या हातातला मोबाईल मांडीवर टाकून खदखदून हसल्या.

"अव्वा!" दाक्षायणी म्हणाली. "सकाळी तुम्हीच म्हणालात..."

"म्हटले असेन. सकाळी मला काय माहीत? मला पोर दिसंना झालीय. ओरड गं शिवू!"

शिवूनं आईकडं पाहिलं. आईचा चेहरा लाल झाला होता. अप्पांकडं पाहिलं. ते हाताची घडी घालून उभे होते. नको म्हणाले नाहीत. तिनं केसांची पिन काढून कडेला फेकली.

सर्व्हिस आली.

"नंदु!"

ती ओरडली तेव्हा खांबावरचे पारवे उडाले. बॉल तिनं उचलला, उत्कर्षानं वर दिला, "मुंद, शिवू, मुंद!" आणि तो पलीकडच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन पडला. मग दोघी थांबल्याच नाहीत. 'बिडु', 'निंदु', 'हिंद, हिंद!' मधेच उत्कर्षाला शब्द पुरेना तेव्हा ती "अगं येडे, तिकडं!" म्हणाली. बॉल पडायच्या आधी त्यांचे पाय तिथं पोचत. तो सेट बार्शीच्या मुलींनीच जिंकला, पहिल्या गुणांचं अंतर फार होतं. दुसरा शिवू-उत्कर्षानं घेतला. नागम्मांनी पुन्हा बसून डोळे मिटून घेतले. त्यांना आता सगळं नीट दिसत होतं.

---

खेळ संपल्यावर पूजारी मॅडमनी दोघींना जवळ बोलावलं. आता त्या कन्नड आणि हिंदी मिसळून बोलत होत्या आणि कुणीच हरकत घेत नव्हतं.

"तुमच्या स्मॅशसाठी मी गाडीतून उतरले नाही," त्या शिवूला म्हणाल्या. "स्मॅश सगळ्याच जणी पाठवतात. रोज कितीतरी बघते. तुमचा व्हिडिओ लावून मी दुसरं काम करत होते. नुसता आवाज ऐकत होते. आणि आवाजावरून मला कळत होतं, बॉल कुठं आहे ते. असं फार थोड्यांचं असतं. आज पहिली पंधरा मिनिटं मला वाटलं, मी चुकीच्या घरी आले."

दाक्षायणी पुढं झाली. "मॅडम, ते माझ्यामुळं. मीच गप्प राहा म्हणून सांगितलं."

"का?"

"आमची कन्नड..." ती अडखळली. "तुमच्यासारखी नाही ती."

"तुमच्या सासूबाईंनी ओरडून सांगितलं ते माझ्या टीमला मी रोज सांगते," मॅडम म्हणाल्या. "इतकं चांगलं मला जमत नाही."

नागम्मांनी पदर सारखा केला. फार खूश झाल्या की त्या पदर सारखा करत.

"ऐका," मॅडम सोमशेखरकडं वळल्या. "मी आज हो म्हणत नाही. मे महिन्यात आमचं शिबिर असतं. तिनं यावं, माझ्या मुलींबरोबर खेळावं. तिथं टिकली तर खेळाडूंच्या जागेसाठी तिचं नाव मी पुढं करीन. नाही टिकली तर तसं स्पष्ट सांगून परत पाठवीन. आणि तू?" त्यांनी उत्कर्षाला विचारलं.

"माझं फार्मसीचं ठरलंय, मॅडम. मी हिच्यासाठी खेळते."

"तेही दिसलं," मॅडम म्हणाल्या.

सगळे सोमशेखरकडं बघायला लागले. तो वाळूकडं बघत होता. बाईंना पटलं तर पुढचं बोलू, असं त्यानंच म्हटलं होतं, आणि आता पुढचं बोलायची वेळ आली होती. खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगी दूर जाईल याची त्याला भीती नव्हती. सकाळ-संध्याकाळ मोबाईल उघडून, काही आलेलं नाही हे बघून, तो पुन्हा उशीखाली ठेवणारी मुलगी त्याला वर्षभर बघवली नव्हती. विषय बंद करायचा होता तो तेवढ्यासाठी. पण मघाशी ती ओरडली तेव्हा त्याला वाटलं, हिला नकार आला तरी ही मोडायची नाही.

"तिथली वाळू कशी असते, मॅडम?" त्यानं विचारलं.

"बारीक. पाण्याजवळ घट्ट, वर मऊ. खारी."

"खारी वाळू आम्ही कधी डेपोत घेतली नाही," सोमशेखर म्हणाला. "गिलावा सुटतो तिच्यानं."

अनिलकुमारनं डोळे मिटले. "अण्णा, अरे..."

"सोमू," नागम्मा म्हणाल्या, "काल मी तुझ्या बाजूनं होते. आता न्हाय."

"अव्वा, मला पुरतं बोलू तर दे." तो मुलीकडं वळला. "घेतली नाही, म्हणून बघितलीही नाही कधी. शिबिराला सोडायला मी येईन. तू खेळ, मी चार दिवस ती वाळू बघतो. जमेल?"

शिवलीलानं नुसती मान डोलावली.

"बघा," दाक्षायणी डोळे पुसत म्हणाली, "आता गप्प राहायला कुणी सांगितलंय हिला?"

गाडीची वेळ झाली. चटणीची पिशवी मॅडमच्या हातात देताना दाक्षायणी त्यांच्याशी पहिल्यांदा कन्नडमध्ये बोलली, आपल्याच गावठी कन्नडमध्ये, आणि त्यांनी पिशवी घेतली. अनिलकुमार त्यांना सोडायला गेला. बार्शीच्या मुलींनी एक डाव गंमत म्हणून आणखी मागितला.

उत्कर्षा नेटजवळ उभी राहून विचारात पडली होती. "शिवे, एक घोळ आहे."

"काय?"

"तिकडं समोरच्या टीमलाही कन्नड येणार की. तू 'हिंद' म्हटलंस की त्याही ऐकणार."

शिवू बघतच राहिली. मग हसू फुटलं तिला. "मग काय करू?"

"मराठीत ओरड. आजपासून सवय कर. चल, मी शिकवते तुला."

सर्व्हिस आली. "नं..." म्हणून शिवू अडखळली, बॉल हातावरून निसटला. सगळ्या हसल्या. दुसरा आला. तो दोघींच्या मधे उंच उडाला, आणि शिवू तोंड उघडून शब्द शोधत तशीच उभी राहिली.

"तुझा गं, तुझा!"

सोमशेखर ओरडला होता. डेपोच्या वजनकाट्याच्या खोलीपासून, दोन्ही हात तोंडाजवळ धरून. त्या घरात त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. नागम्मांनी मान वळवून विचारलं, "कोण गं ते?"

शिवू बॉलखाली पोचली होती.